डब्यातून परत आलेली गोळी

शासकीय सेवेतील माझ्या साऱ्या लेखनापैकी एकच मजकूर नागपूरच्या चौकाचौकांत मोठ्या अक्षरांत झळकला, आणि तो कोणालाही कळला नाही. तो असा होता: “सुज्ञ नागरिकहो, प्रमत्तपणे वाहन हाकणाऱ्या चालकांचा वृत्तान्त सप्रमाण निवेदन करून लोकरक्षणाच्या या पुण्यकार्यात सहभागी व्हावे.” खाली दूरध्वनी क्रमांक. पंधरा दिवसांत त्या क्रमांकावर तीन संदेश आले. पहिल्यात विचारले होते की हे प्रवचन कोणत्या मंदिरात आहे. दुसऱ्यात विचारले होते की प्रसाद आहे काय. तिसरा संदेश गुलाबाच्या फुलाचा होता आणि त्यावर शुभ सकाळ असे लिहिले होते. मी त्याला “आपणांसही” असे उत्तर पाठवले.

माझे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाले. मी पुराण सांगावे अशी वडिलांची इच्छा होती. मी वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात लिपिक व्हावे अशी परमेश्वराची निघाली. दोघांचाही मान राखण्याचा मी यथाशक्ति प्रयत्न केला. निवृत्तीपूर्वीची शेवटची तीन वर्षे माझ्याकडे नागरिक तक्रार कक्ष होता. कक्ष म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक सरकारी मोबाइल, मे महिन्यात गरम वारा फेकणारा एक कूलर आणि हवालदार ढोबळे. ढोबळे वीस वर्षे सिग्नलवर उभे राहून आले होते. घशात धूळ आणि जिभेवर शहर घेऊन आलेला माणूस. रोज सकाळी मोबाइल सुरू करण्यापूर्वी मी त्याला हात जोडीत असे. ढोबळे म्हणत, “गुरुजी, त्याची बॅटरी उतरली हाय. नमस्कारानं चार्ज होत नाई तो.”

फलकाची दशा पाहून साहेबांनी तो बदलण्याचे काम ढोबळ्यांना दिले. त्यांनी उभ्या उभ्या लिहिले: “कोणी येडीवाकडी गाडी चालवून राहिला, तर फोटो काढा, आम्हाले पाठवा. तुमचं नाव कोणालेच सांगत नाही.” त्या दिवसापासून मोबाइल शांत राहिला नाही. माझ्या पुण्यकार्याने जे साधले नव्हते, ते शेवटच्या पाच शब्दांनी साधले. मनुष्य भला असतो, परंतु शेजाऱ्याला न कळता भला असणे त्याला अधिक सोयीचे वाटते, हे मला त्या फलकाने शिकवले.

बाहेरच्या वाचकांसाठी कामाची रीत थोडक्यात सांगतो. नागरिकाने छायाचित्र पाठवावे. त्यात गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसावा, स्थळ आणि वेळ कळावी, आणि नियमभंग डोळ्यांना दिसावा. असे असेल तर मालकाच्या मोबाइलवर चलान जाते. छायाचित्र नसेल, केवळ सांगणे असेल, तर चलान होत नाही. चालकाला एक समजपत्र जाते, की आपल्याविषयी अशी अशी तक्रार आली आहे, सावध असावे. एकाच चालकाची तीन चलाने झाली की परवाना काही काळ रोखण्याचा प्रस्ताव साहेब वर पाठवीत. आणि तक्रार करणाऱ्याचे नाव माझ्या नोंदवहीतून बाहेर जात नसे. ती नोंदवही मी लाल कापडात बांधून ठेवीत असे. ढोबळे तिला पोथी म्हणत.

तक्रारदारांचे प्रकार अनेक. एक गृहस्थ स्कूटर चालवताना मोबाइलवर बोलणाऱ्यांची छायाचित्रे पाठवीत. प्रत्येक छायाचित्रात खाली त्यांच्या स्वतःच्या धावत्या स्कूटरचे हँडल दिसे. मी त्यांना आभाराचे पत्र आणि चलान एकाच दिवशी पाठवले. त्यांनी कळवले, “आभार परत घ्या, पण चलान तरी माफ करा.” एका आजींनी सिग्नलच्या मधोमध बसलेल्या गाईचे छायाचित्र पाठवून लिहिले होते, की हिच्या मालकाला दंड करा, हिला नको. त्या आजींना मी मनोमन नमस्कार केला.

आणि एक वृद्ध शिक्षक होते. सावनेरच्या रस्त्यावर एक ट्रक रोज सकाळी रस्त्याच्या कडेला चालणाऱ्यांना घासून जातो, असे त्यांनी कळवले. छायाचित्र धूसर होते, क्रमांक त्यांनी खाली लिहिला होता; परंतु धूसर छायाचित्रावर तेव्हा समजपत्रही जात नसे. मी नियमाप्रमाणे उत्तर दिले, “क्रमांक अस्पष्ट असल्याने कार्यवाही शक्य नाही.” काही आठवड्यांनी ते स्वतः आले. डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्या हाताने मोबाइल पुढे करून ते शांतपणे म्हणाले, “आता क्रमांक स्पष्ट आला आहे जी. फार जवळून काढला.” ते हसले. मला हसता आले नाही. आजही येत नाही. छायाचित्र धूसर असले तरी लिहून कळवलेल्या क्रमांकावर समजपत्र पाठवता येते, ही सुधारणा मी साहेबांकडून त्यानंतर मागून घेतली. ती आधी सुचायला हवी होती.

या सुधारणेनंतर काही दिवसांनीच सुनंदाबाई आल्या.

दुपारची वेळ. स्कार्फने डोळ्यांखेरीज सर्व चेहरा झाकलेली एक बाई दारात उभी राहिली आणि आत येण्याआधी तिने मागे दोनदा पाहिले.

“नाव सांगत नाई म्हनून लिवलं हाय बोर्डावर. खरं हाय का?”

“खरे आहे,” मी म्हणालो. “बसा.”

“मंग हा कोन?” तिने ढोबळ्यांकडे बोट केले.

“मी भिंत समजा वं बाई,” ढोबळे म्हणाले. त्यांचे पोट पाहता ती उपमा वावगी नव्हती.

बाईंनी स्कार्फ सोडला आणि हकीकत सांगितली. खापरखेड्याहून कोराडीमार्गे शहरात येणारी एका खाजगी ठेकेदाराची बस होती. कामगारांना आणणारी-नेणारी. तिचा चालक पराते. उमरेडच्या विणकर घराण्यातला. आजोबांच्या मागावर रेशमी काठ निघत, आणि नातू आता कोळशाच्या दोन ट्रकांमधून बस काढीत होता. परात्यांच्या नावावर दोन चलाने आधीच झालेली होती. दोन्ही निरनिराळ्या प्रवाशांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरून.

“तिसरं झालं तं लायसन जाते म्हन्ते. लायसन गेलं तं ठेकेदार दुसरा ड्रायवर आनते. अन् असाच चालवत राहिला तं...” त्या थांबल्या. “मले दोन्ही नको हाय जी. त्याले भेव दाखवा. लायसन नका घेऊ.”

“आपण त्या बसमधून प्रवास करता का?”

“मी काहून करू? मी त्याची बायको हाय.”

भिंत झालेले ढोबळे खोकले.

“आपण त्यांना समजावून पाहिले असेलच,” मी म्हणालो.

“अठरा वर्षं झाली समजावून राहिली. मी बोलली की म्हन्ते, तुले गाडीतलं काय समजते. पोलिसांनी सांगतलं तं ऐकन. पन मी सांगतलं हे त्याले समजलं, तं चार लोकांत माहं नाक कापलं म्हनन, अन् मंग जिद्दीनं आनखीन जोरात चालवन. त्याचा स्वभाव मले ठाऊक हाय.”

मी त्यांना कोरा कागद दिला आणि म्हणालो, “आपले म्हणणे आपल्या शब्दांत लिहा. छायाचित्र नाही, त्यामुळे चलान होणार नाही. केवळ समजपत्र जाईल. नाव जाणार नाही, हे माझे वचन.”

त्यांनी पानभर लिहिले. स्कार्फ बांधून गेल्या.

आता माझा अपराध सांगितला पाहिजे. पाठशाळेत आमच्या गुरुजींनी एक संस्कार हाडांत रुजवला होता: पाठ जसा आला तसाच पुढे द्यावा. काना-मात्रेचा फेर करण्याचा आपल्याला अधिकार नाही. एका अक्षरासाठी मी लहानपणी संपूर्ण अध्याय सात वेळा म्हटला आहे. सेवेतही मी हेच व्रत पाळले. तक्रारीतला शब्द समजपत्रात मी कधी बदलला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. आजवरच्या तक्रारी दोन ओळींच्या असत, म्हणून काही बिघडले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी सुनंदाबाईंचा कागद समोर ठेवला आणि नाव तेवढे वगळून संपूर्ण पान जसेच्या तसे टंकित केले. शेवटी शासनाचा शिक्का मारला. ढोबळे त्या दिवशी रजेवर होते.

चार दिवसांनी पराते आले. उंच, मिशाळ, वागण्यात अत्यंत विनयशील. चपला दाराबाहेर काढून आत आले. हातात माझे समजपत्र होते, घडी घालून घालून मऊ झालेले.

“नमस्कार जी. हे तुमीच पाठवलं ना?”

“होय.”

“थोडं वाचून दाखवा ना जी. मले विश्वास बसून नाई राहिला.”

मी वाचू लागलो. “सदर चालक एका हातानं स्टेरिंग धरते अन् दुसऱ्या हातानं पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटते. कोराडीच्या वळनावर वीजघराच्या राखेच्या ट्रकाले कट मारते. आरशाले लिंबू-मिरची बांधली हाय, पन आरशात पाहत नाई.” येथवर माझा स्वर स्थिर होता. “बीपीची गोळी रोज डब्यात पोळीच्या बाजूले ठेवली असते. ती गोळी खात नाई. डब्यात तशीच परत येते...”

मी थांबून रुमालाने कपाळ पुसले. ढोबळ्यांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी मला पाठशाळेत उच्चार चुकल्यावर गुरुजींच्या डोळ्यांत दिसत असे.

“पुढं वाचा जी,” पराते म्हणाले. “पालकाच्या भाजीचंबी हाय त्याच्यात.”

“पालकाची भाजी कुत्र्याले टाकते,” मी वाचले.

“पोलिसाले माह्या पालकाशी काय करायचं हाय? कोनं लिवलं हे?”

“नाव सांगता येत नाही.”

“बाई हाय का मानूस, तेवढं तरी सांगा.”

“तेही सांगता येत नाही.”

“माहा डबा मी बसमधेच उघडतो. म्हंजे बसमधलाच कोनी. तो फिटर असन, माह्या मागच्या सीटवर बसते. त्याचे डोये सारखे माह्या डब्यात असते. बोला ना, तोच ना?”

फिटर निरपराध होता. “नाही” म्हणावे तर मग पुढचे नाव विचारले जाणार, त्याच्या पुढचे, आणि शेवटी एकच नाव उरणार. “होय” म्हणणे असत्य. मौन धरावे तर फिटरचे काही खरे नव्हते. मी मनात इष्टदेवतेचे स्मरण केले आणि म्हणालो, “जो आपले कुशल इच्छितो, त्याने लिहिले आहे.”

परात्यांनी बोटांवर मोजून पाहिले. “माहं कुशल इच्छिनारा त्या बसमधे एकबी नाई जी.”

तेव्हा ढोबळे पुढे झाले. “अरे भाऊ, एक कोन लिवनार? बसमधे चार-पाच जनं मिळून लिवतात. एक डब्यावर नजर ठेवते, एक आरशावर, एक खर्ऱ्यावर. आजकाल सगळ्यायच्या हातात मोबाइल हाय. तुले वाटते तू गाडी चालवून राहिला. अख्खी बस तुझा पिच्चर काढून राहिली.”

हे निखालस असत्य होते. माझ्या ओठांवर त्याचे खंडन आले होते; मी ते गिळले. असत्य ढोबळ्यांच्या मुखातून गेले आणि त्याचा लाभ माझ्या वचनाला झाला, याचा हिशेब मी त्या दिवशी सायंसंध्येत देवापुढे मांडला. देव काही बोलला नाही. त्यालाही बहुधा फिटरची काळजी होती.

पराते गेल्यावर ढोबळे म्हणाले, “गुरुजी, सगळं लिवलं, बाईचा आधार क्रमांकच लिवाचा राहिला फक्त.”

“पाठ जसा आला तसा...” मी म्हणू लागलो.

“तो वेद नव्हता जी. पालकाची भाजी होती.”

पुढचे काही दिवस मला अन्न गोड लागले नाही. डब्यात ठेवलेली गोळी कोणालाही दिसेल. परंतु ती तशीच परत येते, हे डबा घासणाऱ्या हातांखेरीज कोणाला कळणार? मला ते तत्काळ कळले होते. परात्यांना केव्हा कळेल, एवढाच प्रश्न होता. आणि कळले की ते जिद्दीने वेग वाढवणार, हे त्यांच्या पत्नीने आधीच सांगून ठेवले होते. मोबाइल वाजला की प्रथम मी कोराडीच्या वळणावरच्या अपघाताची वार्ता नाही ना, हे पाहत असे.

आठवड्याने सुनंदाबाईंचा संदेश आला. “गुरुजी, काय जादू केली जी? खर्रा पान्याच्या टाकीवर ठेवून जाते. पालक खाल्ला.” मग बसमधल्याच एका प्रवाशाने चलचित्र पाठवले. हा प्रवासी बहुधा तो फिटरच असावा; आता त्याला मागच्या बाकावर बसवले होते, त्यामुळे चित्र दुरून काढलेले होते. पराते बस सुरू करण्यापूर्वी आसनावरून उठतात, प्रवाशांकडे तोंड करतात, दोन बोटांत धरलेली गोळी उंच करून उजवीकडे दाखवतात, डावीकडे दाखवतात आणि गर्जना करतात, “पाहून घ्या सगळे! खाऊन राहिलो!” मग गोळी तोंडात, वर घोटभर पाणी. एवढ्या निष्ठेने केलेले आचमन मी अनेक वैदिकांच्या घरीही पाहिलेले नाही. खाली प्रवाशाने विचारले होते, “ड्रायवर काय खाते? यात काही गुन्हा हाय का?”

मी उत्तर दिले, “नाही. चालू द्यावे.”

तिसरे चलान आले नाही. महिने गेले. दिवाळीच्या सुमारास पराते पुन्हा आले, तसेच चपला बाहेर काढून. या वेळी हातात डबा होता. डब्यात चिवडा होता. मी घेईना, तर ढोबळ्यांनी घेतला.

“गुरुजी, एक सांगू का? कोनं लिवलं ते मले तवाच समजलं होतं.”

“केव्हा?”

“इथंच, तुमच्या दारात. तुमी म्हटलं ना, कुशल इच्छिते त्यानं लिवलं. बसमधे तसा कोनी नाई. मंग बाहेर येऊन चपला घालता घालता ध्यानात आलं, आपल्याले तसं एकच मानूस हाय.”

“मग आपण... घरी काही...”

“काय बोलनार? तुमी नाव सांगतलं असतं, तं मी भांडलो असतो. पोलिसात गेली म्हनून घर डोक्यावर घेतलं असतं. पन तुमी एवढे मोठे मानूस, घाम फुटला तुमाले, पन नाव नाई सांगतलं. मंग मलेच लाज वाटली. ती एवढं लपवून राहिली, तं लपवू द्या म्हटलं. म्हनून बसवाल्यायवर संशय असल्यासारखी गोळी दाखवून खातो.” जाता जाता ते दारातून वळले. “अन् मले माहीत हाय, हे तिले सांगू नका जी.”

म्हणजे माझ्या लाल कापडात आता दोन गुपिते झाली. मला वाटले, येथे ही कथा संपली.

माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका अनोळखी क्रमांकावरून छायाचित्र आले. कोराडी नाक्यावर स्कूटरवर एक बाई. चेहऱ्याला स्कार्फ, हँडलला भाजीची पिशवी, आणि हेल्मेट त्या पिशवीवर टांगलेले. पिशवीतून पालकाची जुडी डोकावत होती. पिशवीने स्कूटरचा क्रमांक अर्धा झाकला होता. मजकूर असा: “बाई हेल्मेट डोक्यावर घालत नाई, भाजीवर घालते. स्कूटर नंबर खाली लिवला हाय. सांगून सांगून थकलो. तिचं काही झालं तं मी कोनाच्या भेवानं गोळी खाऊ? नाव सांगू नका. पराते.”

क्रमांक अस्पष्ट, म्हणजे समजपत्र. मी टंकित करायला बसलो. हेल्मेटचे वाक्य जसेच्या तसे उतरवले. मग “सांगून सांगून थकलो” पाशी बोटे थांबली. पाठशाळेतल्या गुरुजींचे स्मरण केले, त्यांची क्षमा मागितली, आणि आयुष्यात प्रथमच, हेतुपुरस्सर, आलेल्या पाठातली दोन वाक्ये गाळली. ढोबळे खुर्ची ओढून ते पाहत होते. “आता झाले तुमी खरे क्लार्क,” ते म्हणाले.

मी निश्चिंत झालो. ती निश्चिंती पाच दिवस टिकली. सुनंदाबाई आल्या, एका हातात समजपत्र, दुसऱ्या हातात हेल्मेट.

“कोनं पाठवलं जी हे?”

मी या प्रश्नासाठी उत्तर तयार ठेवले होते: “नाव सांगता येत नाही,” एवढेच, पुढे एक अक्षर नाही. परंतु मी तोंड उघडण्यापूर्वी ढोबळे उठून उभे राहिले. इतकी वर्षे माझ्या सहवासात काढल्याचे सार्थक त्यांच्या मुखावर प्रकटले होते. हात जोडून, माझ्याच स्वरात ते म्हणाले, “जो आपलं कुशल इच्छिते, त्यानं.”

वीस वर्षे सिग्नलवर थापा मारून माणसे वाचवणारा हा मनुष्य. सत्य बोलायला त्याला हीच घटका सापडावी!

सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, समजपत्राकडे पाहिले. मग स्कार्फचे टोक तोंडाला लावून त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या. डोळे पुसून त्यांनी हेल्मेट तेथेच डोक्यावर चढवले आणि पट्टा लावला.

“त्याले वाटत असन, मले समजलं नाई,” त्या म्हणाल्या. “वाटू द्या. तुमी नका सांगू त्याले, मले समजलं म्हनून.”

हेल्मेट घालूनच त्या जिना उतरल्या.

मी निवृत्त झालो. फलक अजून आहेत, ढोबळ्यांच्याच मजकुराचे. वाचकांपैकी कोणाला रस्त्यावर बेताल चालक दिसला, तर त्यांनी संकोच न करता कळवावे. आणि तो चालक घरचाच असेल, तर अधिक तत्परतेने कळवावे. नाव बाहेर जात नाही. मजकूर मात्र बेताने लिहावा.

हा लेख लिहिण्यापूर्वी नावे मी बदलली, आणि तरीही त्या दोघांची अनुमती घेतली. दोघांना वेगवेगळ्या दिवशी भेटून. दोघांनीही आनंदाने दिली, दोघांनीही अंकाची एक एक प्रत मागितली, आणि दोघांनीही एकच अट घातली, की दुसऱ्याला दाखवू नये. म्हणून संपादकांना माझी विनंती आहे की एक प्रत कृपया घरच्या पत्त्यावर पाठवावी, आणि दुसरी ठेकेदाराच्या कार्यालयात, बस सुटण्यापूर्वी, गोळीच्या वेळेला.